हॉलचे पडदे

मुलुंडच्या घरात हॉलच्या खिडक्यांना आईच्या जुन्या साड्या होत्या. एका खिडकीला अंजिरी, काठ विरलेली. दुसरीला पोपटी, जिच्यावर कधीकाळी पांढरी फुलं असावीत. आईनं त्या आडव्या फाडून, वरच्या कडेला नेफा घालून, त्यातून स्प्रिंगची तार ओवली होती. खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकलेला, वरचा उघडा. मिठागरांकडून वारा आला की साड्या पोटुशा बाईसारख्या फुगायच्या आणि स्प्रिंग हुकातून सुटायची. तो सटकन आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून 'मेली परत पडली' म्हणायची आणि मी उठून ती लावायचे. आमच्या घरात ज्या कामांना कोणी काम म्हणत नसे, ती सगळी माझ्याकडे होती.

हॉल म्हणायचं ते आम्ही परळच्या चाळीतून आलो होतो म्हणून. एरवी ती एक बेताची खोलीच होती. एका भिंतीला दिवाण, समोर शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, दोन घडीच्या लोखंडी खुर्च्या आणि कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन. मशीन चालवायचं असलं की टीव्ही बघणाऱ्यांनी पाय वर घ्यायचे, एवढीच जागा. एक खिडकी रस्त्यावर होती, तिच्यातून दुपारचं ऊन थेट टीव्हीच्या काचेवर पडायचं. दुसरी समोरच्या बिल्डिंगकडे, आणि ती बिल्डिंग इतकी जवळ की कुकरची शिट्टी झाली तर आमची की पाटणकर काकूंची, हे आई गॅसपाशी जाऊन पाहायची. पाटणकर काकू गॅलरीतून आमच्या हॉलमध्ये जे दिसेल ते बघत, आणि जे दिसत नसे ते विचारत. बाबांची गिरणी बंद पडून ते भांडुपला एका औषधांच्या गोडाऊनमध्ये लागले होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला खोकल्याच्या औषधाचा वास यायचा. ते खुर्चीत बसायचे, चहा घ्यायचे, आणि बोलायचं असलं तर कामापुरतं बोलायचे.

आत एक खोली होती. तिच्यात माझं टेबल होतं, टेबलावर रंगांच्या बाटल्या, ब्रश ठेवायला मोरावळ्याची रिकामी बरणी. शाळेत चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी पहिल्या श्रेणीत पास झाले होते. दारातली रांगोळी माझी, गणपतीचं मखर माझं, शेजारच्या मुलींच्या लग्नातल्या रुखवताच्या पाट्या आणि चित्रं माझी. आईनं कधी चांगलं म्हटलं नाही. बाहेरचं कोणी म्हटलं की तिथल्या तिथे विषय बदलायची. दृष्ट लागते म्हणून, असं माझं मीच समजून घेतलं होतं. कोणी आपलं कौतुक करत नसेल तर त्यामागे काहीतरी प्रेमळ कारण असणार, असं मानायची त्या वयात सोय असते.

मग दादानं लग्न केलं. दादा टेलिफोन खात्यात होता, सुजाता वहिनी त्याच खात्यात. तिचं माहेर घाटकोपरला. तिचे वडील ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात लॅबमध्ये काम करायचे. मूळचे साताऱ्याकडचे, बौद्ध. आम्ही मालवणकडचे मराठे. दादानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही आणि बाबा दोन दिवस बोलले नाहीत, पण बाबांचं कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी लग्न झालं, रजिस्टर पद्धतीनं, आमच्याकडचे मोजके लोक आले. सर्वांत मोठी जी यायला हवी होती, बाबांची मोठी बहीण, ती आली नाही. तिच्याविषयी पुढे सांगते.

माझी खोली अर्थातच दादा-वहिनीला गेली. टेबल गच्चीवरच्या पत्र्याखाली गेलं, रंगांच्या बाटल्या टीव्हीच्या स्टँडखाली, आणि मी हॉलमध्ये दिवाणावर. ह्यात तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. लग्न झालेल्या माणसांना खोली लागते हे मलाही कळत होतं. माझं दुखणं वेगळं होतं. आईला सून आवडायला लागली होती.

सासू-सुनांची भांडणं मी चाळीत पुष्कळ पाहिली होती आणि खरं सांगायचं तर तशाच एखाद्या भांडणाची वाट पाहत होते. ते झालंच नाही. सुरुवातीला आई आखडून होती, वहिनी गप्प होती. मग एका संध्याकाळी आई भाजी चिरत बसली होती आणि वहिनी ऑफिसातून येऊन पाय पसरून वर्तमानपत्र वाचत होती. वाचता वाचता ती मोठ्यानं वाचायला लागली. कुठल्याशा गावात विहिरीत पडलेल्या म्हशीची बातमी होती. आई चौथीपर्यंत शिकलेली. मोठे मथळे वाचायची, पुढे कंटाळायची. ती म्हैस वर निघेपर्यंत आईची विळी थांबली होती. दुसऱ्या दिवसापासून ते रोजचंच झालं. वहिनी वाचायची, आई मध्येच 'म्हणजे काय गं?' विचारायची, वहिनी सांगायची, आणि दोघी हसायच्या. मी त्याच घरात इतकी वर्षं रोज पेपर वाचत होते, पण मनात. मोठ्यानं वाचावं हे मला सुचलं नव्हतं. हेव्याची खरी गंमत तिथेच असते. दुसऱ्याला मिळालेली गोष्ट आपल्याही हाताजवळच पडलेली होती, हे दिसतं तेव्हा तो जास्त चावतो.

आईनं तिला बांगड्याचं तिखलं शिकवलं, मला कधी जवळ उभं केलं नव्हतं, 'तू बाजूला हो, सांडशील' म्हणायची. वहिनीनं तिला खर्डा शिकवला, तोही आईनं आवडीनं शिकून घेतला. बाबा भाकरीबरोबर खर्डा दुसऱ्यांदा मागून घ्यायला लागले. दादा पूर्वी ऑफिसातून आला की माझ्या डोक्यावर टपली मारून आत जायचा. आता सरळ आत जायचा. मी बारावीची परीक्षा दिलेली, सुट्टीतली, घरभर मोकळी, आणि माझ्याकडे दिवसभर एकच काम होतं, कोण कोणाशी किती गोड बोलतं ते बघायचं. मैत्रीण विचारायची, 'वहिनी कशी आहे गं तुझी?' मी म्हणायचे, 'चांगली आहे ना.' आणि ती खरोखरच चांगली होती, ह्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

नवीन पडद्यांचा विषय पाटणकर काकूंमुळे निघाला. नवी सून आल्यापासून काकूंचा गॅलरीतला मुक्काम वाढला होता. कपडे वाळत घालायला, काढायला, घडी करायला, आणि मग झालेल्या घड्या मोडून परत घालायला त्या बाहेर असायच्या. साडीच्या अर्ध्या पडद्यावरून त्यांना हॉलमध्ये उभ्या असलेल्या माणसाचं डोकं आणि खांदे दिसायचे. एकदा वहिनी केस पुसत हॉलमध्ये आली आणि समोरून काकूंनी विचारलं, 'आज सुट्टी वाटतं?' त्या संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, हॉलला पुरे पडदे करायचे. बाबांनी मान हलवली. आणि त्याच आठवड्यात परळहून निरोप आला की माईआत्या रविवारी जेवायला येणार आहे.

माईआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, जी लग्नाला आली नव्हती. बाबा पोरवयात गावाहून मुंबईत आले ते तिच्याच खोलीत. तिनं त्यांना जेवू घातलं, गिरणीत चिकटवलं, आईला तिनंच पसंत केलं होतं. तरुणपणीच विधवा झालेली, परळची खोली न सोडलेली, मालवणीशिवाय दुसरं न बोलणारी. बाबा तिच्यासमोर खुर्चीत बसत नसत. ती येणार म्हणजे तिनं सुनेला घरात घेतलं, असा अर्थ होता. आईनं त्या दिवसापासून घर घासायला काढलं. पडदे रविवारपर्यंत शिवून होणार नव्हते, पण कापड तरी ठरवून टाकू, असं म्हणून शनिवारी आम्ही तिघी मुलुंड पश्चिमेला गेलो.

दुकान एका कच्छी शेटजींचं होतं. आत गादी, गादीवर पांढरी चादर, भिंतीला छतापर्यंत तागे. चपला काढून बसायचं. मला त्या दुकानात शिरल्याबरोबर जे झालं ते अजून आठवतं. इतके रंग एका जागी मी तोवर पाहिले नव्हते. माझ्या बाटल्यांमध्ये सहा होते, बाकीचे मला मिसळून करावे लागायचे. इथे ते सगळे आधीच झालेले, गुंडाळून ठेवलेले. शेटजी एकामागून एक तागा फेकत होते, तागा उलगडत आमच्या गुडघ्यांपर्यंत यायचा आणि थांबायचा. आईची नजर आधी मळकट रंगांवर जात होती, कारण ते धुवायला कमी लागतात. जाळीचे पडदे, मखमलीसारखे, मोठाल्या गुलाबांचे, सगळं झालं. शेटजी म्हणाले, आजकाल सगळे खिडकीवर लाकडी पेल्मेटची पेटी करून घेतात, वरून झालर सोडतात. आईला झालर आवडली. मी म्हणाले, एवढ्या छोट्या हॉलला झालर लावली तर बँडवाल्याच्या गाडीसारखं दिसेल; साध्या दांडीवर कड्या आणि जवळजवळ घातलेल्या चुण्या, बस. वहिनी लगेच म्हणाली, 'विजू बरोबर सांगते.' आईनं ते मान्य केलं. पण मान्य केलं ते वहिनी म्हणाल्यावर, हे मी टिपून ठेवलं.

मग मला तो पिवळा दिसला. मोहरीसारखा, जाड केसमेंट कापडाचा, त्यावर अगदी बारीक तपकिरी पानं. मी तो ओढून मांडीवर घेतला आणि माझ्या डोळ्यांपुढे हॉल उभा राहिला, संध्याकाळचा, दिवा न लावलेला. मी आईकडे बघत होते आणि आई वहिनीकडे बघत होती, कारण वहिनीनं एका निळ्यावर हात ठेवला होता. हातमागाचा साधा निळा होता तो, संध्याकाळी दिवेलागणीच्या जरा आधी आभाळ असतं तसा, काठाला पांढऱ्या दोऱ्याची एक रेघ. ती म्हणाली, दुपारचं ऊन येतं त्या खिडकीला हा थंड वाटेल. बाकी काही बोलली नाही. मी खूप बोलले. पिवळ्यानं खोली मोठी दिसते, निळ्यानं लहान दिसते, निळा उन्हानं विटतो, वगैरे. काही खरं, काही तिथेच सुचलेलं. आईनं दोन्ही कापडं चुरगाळून पाहिली, ओढून पाहिली, आणि तिला काही ठरवता येईना. शेटजी ओळखीचे होते. म्हणाले, दोन्हींचे तुकडे घेऊन जा, घरच्या उजेडात बघा, सोमवारी सांगा.

घरी आल्यावर मी स्वतः साड्या काढल्या आणि दोन्ही तुकडे कपड्यांच्या चिमट्यांनी तारेवर लावले, रस्त्याच्या खिडकीला शेजारी शेजारी. रात्री जेवताना आई म्हणाली, 'निळा बरा वाटतो.' दिवाणावर पडल्या पडल्या मला तो निळा दिसत होता. ही खोली आता माझी झोपायची. सकाळी डोळे उघडले की पहिलं काय दिसणार तेही तीच ठरवणार. असं सगळं मी स्वतःशी बोलत होते. आज साठी उलटल्यावर मला त्या मुलीचं हसू येत नाही. एका कापडाच्या तुकड्यावरून घरात आपली जागा आहे की नाही हे ठरतं, असं त्या वयात वाटतं, आणि लहान घरांमध्ये ते पुष्कळदा ठरतंही.

रविवारी आई पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. कोंबडी-वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, सोलकढी. भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता. आत्या जेवायच्या वेळेच्या पुष्कळ आधी आली. बाबा खाली जाऊन तिला हात धरून वर घेऊन आले. नऊवारी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात गावच्या कोकमांची पिशवी. वहिनी पाया पडली. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, नीट ठेवला, आणि आईनं स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहून डोळे पुसले. दादा तेवढ्यात दही आणायला खाली गेला. सगळं ठीक चाललं होतं. आत्या दिवाणावर बसली, घरभर नजर फिरवली, आणि तिची नजर खिडकीवर थांबली.

हे काय टांगलंय, असं तिनं विचारलं. आईनं सांगितलं, पडद्यांसाठी कापड बघतोय. निळा कोणी काढला? सुजातानं, आई म्हणाली, आणि जरा अभिमानानंच म्हणाली.

आत्यानं कोकमांची पिशवी बाजूला ठेवली. मग आवाज न चढवता, वाटाणे निवडताना बोलावं तसं, म्हणाली, "वाटलाच माका. तिच्या म्हायारचो रंग तो. आज खिडकेक लावतलात, उद्या दारार झेंडो लावतलात."

मी तो रंग त्या नजरेनं तोवर पाहिलाच नव्हता. बाबासाहेबांच्या जयंतीला घाटकोपरला वहिनीच्या कॉलनीत निळे झेंडे लागतात, हे मला माहीत होतं. लग्नानंतरच्या एप्रिलमध्ये दादाबरोबर मीही गेले होते, तिथली खीर खाल्ली होती. पण दुकानातल्या त्या तुकड्याचा आणि झेंड्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या मत्सराची धाव फार छोटी होती. ती आईपासून वहिनीपर्यंत जायची आणि परत यायची.

आत्यानं मग पिवळ्याकडे बोट केलं. तो कोणाचा? आई म्हणाली, विजूचा. आत्याचा चेहरा उजळला. तिनं मला जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरली. "ह्यो बरो. हळदीचो रंग. आपलो. चेडवाक बरा कळता." चेडू म्हणजे मी, घरातली मुलगी. आमच्या घरात माझ्या रंगाच्या जाणिवेला कोणी मोठ्या माणसानं चांगलं म्हटल्याची ती पहिली वेळ.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो टीव्हीवर ठेवला, खाली ओल उमटू नये म्हणून पदरानं बूड पुसून ठेवला, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "आई, पिवळाच घेऊया. तोही चांगला आहे." बाबा जमिनीकडे बघत होते. समोर पाटणकर काकूंच्या गॅलरीत कपडे झटकल्याचा आवाज येत होता. आई झारा हातात घेऊन दारात उभी होती. नणंदेला उलटून बोलणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि गप्प राहणंही जमत नव्हतं, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"विजू, तू सांग," ती म्हणाली. "ह्या घरात रंगातलं तुला कळतं."

हे वाक्य मी किती दिवस ऐकायला बसले होते. आणि ते आलं तेव्हा असं आलं. मी पिवळा म्हटलं असतं तर पडदे माझे झाले असते, आत्या खूश झाली असती, वहिनीनं स्वतःच तो मागून घेतला होता, कोणी मला नावं ठेवली नसती. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं आणि माझा पिवळा खरोखर सुंदर दिसत होता. मला तो तेव्हाही हवा होता. पण तो आता माझा राहिला नव्हता. आत्यानं त्याला 'आपलो' म्हटलं होतं. मी दुकानात तो ओढून घेतला तेव्हा तो कोणाचाच नव्हता, नुसता मोहरीसारखा होता. आता त्या पिवळ्याला हात लावायचा म्हणजे आत्याच्या बाजूला जाऊन बसायचं, वहिनीच्या समोर, आणि रोज सकाळी डोळे उघडून तेच बघायचं.

"निळा," मी म्हणाले.

आत्यानं माझी हनुवटी सोडली. अगो, पण पिवळा तूच काढलास ना, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, काढला मीच, पण ह्या हॉलला निळाच चांगला दिसेल, दुपारचं ऊन येतं. वहिनीचंच वाक्य मी तिच्या तोंडावर म्हटलं. आत्या बाबांकडे वळली. "तुका काय वाटता?" तिनं विचारलं. ते विचारणं पडद्याबद्दल नव्हतं. ज्या बहिणीच्या पुढ्यात ते खुर्चीत बसत नसत, तिनं विचारलं होतं, आणि बाबा त्या दिवशीही खालीच, चटईवर बसले होते. त्यांनी मान वर केली.

"चेडवान सांगल्यान मां," ते म्हणाले. "निळोच."

एवढंच. दादा दही घेऊन वर आला तेव्हा सगळे पाटापाशी बसायला लागले होते आणि त्याला काही कळलं नाही. आत्या जेवली. वडे चांगले झालेत म्हणाली, आईला म्हणाली, वहिनीला नाही. हात धुऊन, चहासाठी न थांबता, बाबांना स्टेशनपर्यंत सोडायला लावून ती गेली. त्यानंतर पुष्कळ काळ ती आमच्याकडे आली नाही. बाबा महिन्यातून एकदा एकटे परळला जायचे, तिला मासे नेऊन द्यायचे. तिथे काय बोलणं व्हायचं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पडदे बदला, असंही म्हणाले नाहीत.

आईनं तो प्रश्न मला का विचारला, हे पुढे मी तिला एकदा विचारलं होतं. तेव्हा माझं लग्न होऊन मी बोरिवलीला गेले होते, माझ्या स्वतःच्या हॉलला माझे स्वतःचे पिवळे पडदे होते. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की कोणावर तरी ढकलायचं होतं म्हणून? आईनं आठवायचा प्रयत्न केला. म्हणाली, "तेल तापलं होतं गं. वडे सोडायचे होते." मला तेवढ्यावरच समाधान मानावं लागलं.

सोमवारी वहिनी येता येता कापड घेऊन आली. आईनं मशीनवर कडा घातल्या, मी हातानं चुण्या घातल्या, जवळजवळ, माझ्या मनासारख्या. ते लावायच्या दिवशी मी स्टुलावर उभी होते आणि वहिनी खालून एकेक कडी देत होती. त्या रविवारबद्दल आम्ही एकमेकींशी चकार शब्द काढला नव्हता. ती मध्येच म्हणाली, "तुला पिवळाच हवा होता ना?"

मी हो म्हणाले. अजूनही? अजूनही. मग निळा का म्हणालीस, असं तिनं विचारलं नाही. कडी पुढे केली आणि म्हणाली, "दुकानात मी त्याच्यावर हात ठेवला ना, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं, आत्या काय म्हणतील ते. हात काढूनही घेणार होते. मग म्हटलं, आवडलाय तर आवडलाय. दर वेळी हात मागे घेत बसले तर माझ्या आवडीचं घरात काय येणार?"

मी कडी दांडीत ओवली. मी पिवळ्याला हात घातला तेव्हा माझ्या मनात काहीही आलं नव्हतं. मनात कधीच काही आलं नव्हतं, कुठल्याच रंगाला हात घालताना. इतके दिवस मला तिचा हेवा वाटत होता तो आईमुळे, खोलीमुळे, दादामुळे, जे जे तिला मिळालं त्यामुळे. आता ह्यात आणखी एकाची भर पडली. तो हात तिनं मागे घेतला नव्हता. तिच्या जागी मी असते तर घेतला असता, हे मला स्टुलावर उभ्या उभ्या स्वच्छ कळलं. तिचं सगळं घेता आलं असतं तर मी सगळ्यात आधी ते हात मागे न घेणं घेतलं असतं.

पडदे जमिनीपर्यंत सोडले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुपारचं ऊन विझत आलं होतं, उरलंसुरलं त्यांच्यातून गाळून येत होतं. हॉल खरंच थंड दिसत होता, आणि, नाइलाज होता, चांगला दिसत होता. टीव्हीच्या काचेवर काही चमकत नव्हतं. आई आतून हात पुसत आली, मागे सरून, पुढे येऊन, दोन्ही बाजूंनी बघितलं, पडद्याची घडी सारखी केली. मग समोरच्या खिडकीचा पडदा थोडा बाजूला करून तिनं गॅलरीत डोकावलं. पाटणकर काकू तिथे होत्याच. म्हणाल्या, अगंबाई, छान आहेत हो, कोणी निवडले?

"आमच्या सुजातानं," आई म्हणाली.

माझ्या बोटांना सुया टोचून टोचून बारीक भोकं पडली होती. मी स्टुलावरून उतरत होते. वहिनी दिवाणावरच्या उरलेल्या चिंध्या गोळा करत होती, तिनं मान वर न करता म्हटलं, "नाही काकू, विजूनं निवडले. चुण्यापण तिच्याच."

आईनं वळून वहिनीकडे बघितलं, भरल्या नजरेनं बघितलं, आणि पुन्हा खिडकीतून पाटणकर काकूंना म्हणाली, "बघितलंत? मन किती मोठं आहे पोरीचं."